शेजारी गॅसची विहीर येतेय? आधी आपल्या बोअरचं पाणी तपासून ठेवा

पेन्सिल्व्हेनियात शहराच्या नळाची हद्द संपली की पुढच्या बहुतेक घरांना स्वतःची बोअर असते. राज्यभरात अशा दहा लाखांहून जास्त बोअर आहेत आणि त्यांच्या पाण्यावर राज्याची देखरेख नाही. बोअर कशी खणावी याचे राज्यव्यापी नियम नाहीत, पाणी दरवर्षी तपासण्याची सक्तीही नाही. घर घेताना बँकेने मागितला तर कोलिफॉर्म या जंतूंचा एक रिपोर्ट होतो आणि मग वर्षानुवर्षं त्या पाण्याकडे कुणी पाहत नाही. याच जमिनीखाली, बहुतेक ठिकाणी पाच ते नऊ हजार फुटांवर, मार्सेलस शेल हा वायू साठलेला खडक पसरलेला आहे. २००४ मध्ये वॉशिंग्टन काउंटीत रेंज रिसोर्सेस कंपनीने त्यातली पहिली विहीर फ्रॅक केली, म्हणजे दाबाने पाणी-वाळू ढकलून खडकाला भेगा पाडून वायू मोकळा केला. आज हे राज्य नैसर्गिक वायूच्या उत्पादनात अमेरिकेत टेक्ससच्या खालोखाल दुसरं आहे. पिट्सबर्गकडची मराठी कुटुंबंही मोकळ्या जागेत घर शोधत दक्षिणेला किंवा उत्तरेला सरकली की याच पट्ट्यात येतात.

पुढे गोंधळ नको म्हणून इथे पाण्याच्या विहिरीला बोअर आणि वायूच्या विहिरीला गॅसविहीर म्हटलं आहे.

पत्र आलं की काय करायचं

गॅसविहिरीच्या उभ्या भोकापासून ३,००० फुटांच्या आत तुमचा पाण्याचा स्रोत असेल, तर परवान्याचा अर्ज करताना कंपनीने तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. हे राज्याच्या २०१२ च्या अ‍ॅक्ट १३ या कायद्यात आहे. पत्र सर्टिफाइड टपालाने येतं. ते जाहिरात समजून टाकून देऊ नका. पाकिटासकट जपा आणि मिळाल्याची तारीख वर लिहून ठेवा.

याच कायद्यात बोअरवाल्यांसाठी सगळ्यात मोलाचं कलम आहे. बोअर उभ्या भोकापासून २,५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ७६० मीटरच्या आत असेल आणि गॅसविहीर खणणं, पूर्ण करणं, फ्रॅक करणं किंवा तिच्यात बदल करणं यांतलं जे शेवटचं, त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं कायदा गृहीत धरतो. दोष आपला नाही हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. एरवी प्रदूषण झालं म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावं लागतं, आणि जमिनीखालच्या गोष्टींबाबत सामान्य घरमालकाला ते जवळजवळ अशक्य असतं.

अंतर उभ्या भोकापासून मोजायचं, हे नीट लक्षात घ्या. गॅसविहीर खाली गेल्यावर आडवी वळते आणि एक ते तीन मैल पसरते. तुमच्या घराच्या बरोबर खालून आडवी विहीर गेली असेल, पण पॅड, म्हणजे जिथून उभं भोक खणतात ती जागा, दीड मैलावर असेल, तर हे कलम तुम्हाला लागू होत नाही. पॅडचं नेमकं ठिकाण पत्रासोबतच्या नकाशात असतं. राज्याचा पर्यावरण विभाग, म्हणजे डीईपी, तेल आणि गॅसविहिरींचा नकाशा ऑनलाइन ठेवतो, त्यावरही ते सापडतं.

या कलमातून सुटायला कंपनीला ठरावीक वाटा आहेत: बिघाड आधीपासूनच होता, अंतर जास्त आहे, मुदत उलटली, कारण वेगळंच आहे, किंवा घरमालकाने खणण्याआधीच्या तपासणीला नकार दिला. ही शेवटची वाट घरमालक स्वतःच उघडून देतात. कंपनीचा माणूस पाण्याचा नमुना घ्यायला आला की रागाने किंवा संशयाने दार लावून घेतात, आणि कायद्याचं संरक्षण त्याच क्षणी हातचं जातं. नकार देऊ नका. कंपनीला नमुना घेऊ द्या, रिपोर्टची प्रत लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. शिवाय स्वतःच्या खर्चाने दुसरा नमुनाही घ्या.

पाणी बिघडतं ते कुठून

ही माहिती नसेल तर कुठल्या दिवसांत लक्ष ठेवायचं हे कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

पॅडवर आधी मोठ्या व्यासाचं भोक खणतात आणि गोड्या पाण्याच्या थरांतून खाली जातात. सगळ्यात खोल गोड्या पाण्याच्या खाली साधारण ५० फूट गेल्यावर तिथे पोलादी सरफेस केसिंग, म्हणजे भोकाच्या भिंतीला धरणारा पाइप, बसवतात, बहुधा १३ ३/८ इंची. केसिंग आणि खडक यांच्यामधल्या फटीत खालून सिमेंट दाबतात, ते वर जमिनीपर्यंत यायला हवं. त्याच्या आत ९ ५/८ इंची केसिंग, आणि शेवटी ५ १/२ इंची उत्पादन केसिंग थेट शेलमध्ये आडव्या टोकापर्यंत जातं. मग फ्रॅकिंग सुरू होतं. आडव्या भागाचे दीड-दोनशे फुटांचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यात केसिंगला स्फोटक चार्जने भोकं पाडतात आणि मिनिटाला ८० ते १०० बॅरल या वेगाने पाणी-वाळूचं मिश्रण ढकलतात. पंपावरचा दाब ९,००० पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला ९,००० पौंडांच्या, आसपास जातो. एका विहिरीला लाखो गॅलन पाणी लागतं, लांब आडव्या विहिरींना एक कोटी गॅलनच्या पुढे. मिश्रणात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, उरलेल्यात जवळपास सगळी वाळू आणि सुमारे अर्धा ते एक टक्का रसायनं असतात: घर्षण कमी करणारं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड, जंतू मारणारं ग्लुटराल्डिहाइड, सुरुवातीला थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, क्षार साचू नयेत म्हणून आणखी काही. टक्का लहान दिसतो, पण एक कोटी गॅलनचा अर्धा टक्का म्हणजे पन्नास हजार गॅलन.

लोकांना भीती असते ती अशी की शेलमधल्या भेगा वर येत येत बोअरपर्यंत पोचतील. मार्सेलसमध्ये ही भीती फारशी खरी नाही. बोअर साधारण १०० ते ५०० फूट खोल असते, शेल त्याच्याखाली मैलभर आणि मध्ये खडकाचे थर. पाणी बिघडण्याची खरी कारणं बरीच वर आहेत. सिमेंट नीट बसलं नाही किंवा त्यात पोकळ्या राहिल्या, तर मधल्या थरांतला वायू त्या फटीतून वर चढतो आणि गोड्या पाण्यात शिरतो. पॅडवर टाकी फुटते, नळी निसटते, टँकर उलटतो. सांडपाण्याचा तलाव पाझरतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की गॅसविहिरीच्या एक किलोमीटरच्या आतल्या बोअरमध्ये मिथेन सरासरीने बराच जास्त होता. २०१४ मध्ये निष्क्रिय वायूंच्या मोजणीतून त्यांनी त्याचं मूळ शोधलं: दोष केसिंग आणि सिमेंटचा होता, खोलवरच्या भेगांचा नव्हता. केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, डिसेंबर २०१६ चा अंतिम अहवालही गळती, कमकुवत विहिरी आणि सांडपाण्याची चुकीची विल्हेवाट यांच्याकडेच बोट दाखवतो.

म्हणून तुमच्या बोअरला धोका फक्त मोठमोठे पंप गर्जत असतात त्या दिवसांत नसतो. तो त्याच्या काही आठवडे किंवा महिने आधी, सरफेस भोक गोड्या पाण्याच्या थरातून जातं आणि सिमेंट व्हायचं असतं त्या मोजक्या दिवसांतही असतो. हे भोक बऱ्याचदा हवेच्या दाबाने खणतात. त्या दाबाने शेजारच्या बोअरचं पाणी गढूळ होऊ शकतं, कधी बुडबुडे येतात. खणायला सुरुवात झाल्याची तारीख डीईपीच्या संकेतस्थळावरच्या स्पड रिपोर्टमध्ये मिळते. ती वहीत लिहून ठेवा.

नमुना कसा घ्यायचा

नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने घ्यायला हवा, तुम्ही नाही. पाणी कितीही शुद्ध हाताने भरलं तरी कोर्टात पहिला प्रश्न येतो की बाटली मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होती. प्रयोगशाळेचा माणूस नमुना घेतल्यापासून यंत्रात जाईपर्यंत प्रत्येक हाताची सही आणि वेळ एका कागदावर ठेवतो. त्याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात. तो कागद नसेल तर रिपोर्ट तुमच्या समाधानापुरता उरतो. प्रयोगशाळा डीईपीची मान्यता असलेली हवी, आणि तुम्हाला हव्या त्या प्रत्येक घटकासाठी तिला मान्यता आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच प्रयोगशाळा जंतू आणि धातू तपासतात, पण पाण्यात विरघळलेला मिथेन तपासत नाहीत.

पत्र आलं की लगेच एक नमुना आणि जमलं तर दुसरा वेगळ्या ऋतूत. पावसाळी वसंतात आणि कोरड्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच बोअरचं पाणी वेगळं दिसतं. एकाच नमुन्यावर राहिलात तर पुढे झालेला बदल ऋतूचा की गॅसविहिरीचा, असा वाद रंगतो. त्याआधी बोअरचं झाकण पाहा. केसिंग जमिनीच्या वर किमान फूटभर असावं आणि झाकण रबरी सील असलेलं. सैल झाकणातून किडे आणि पावसाचं पाणी आत जातं, मग कोलिफॉर्म सापडतो आणि त्याचा दोष कंपनीवर टाकता येत नाही. झाकण बदलायचं असेल तर नमुन्याच्या बरंच आधी बदला. नमुन्यापूर्वी बोअरमध्ये क्लोरीन टाकू नका.

पाणी बोअरमधून थेट यायला हवं, म्हणजे सॉफ्टनर, फिल्टर, यूव्ही दिवा यांच्या आधीच्या नळातून. ही चूक सर्रास होते आणि ती महागात पडते. सॉफ्टनर बेरियम, स्ट्रॉन्शियम, लोह हे सगळं काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. खणण्याआधीचा नमुना स्वयंपाकघराच्या नळातून आणि नंतरचा तळघरातल्या कच्च्या नळातून घेतला, तर बेरियम एकाएकी वाढल्यासारखा दिसतो. कंपनीचा वकील हे पहिल्याच दिवशी पकडतो. बहुतेक घरांत प्रेशर टँकजवळ एक छोटा नळ असतो, तोच वापरा, आणि पुढचे सगळे नमुने त्याच नळातून घ्या.

नळ सोडून १५ ते २० मिनिटं पाणी वाहू द्यावं, टाकीतलं आणि पाइपातलं जुनं पाणी जाऊन जमिनीतलं ताजं पाणी येईपर्यंत. चांगला तंत्रज्ञ तापमान आणि विद्युतवाहकता मोजत राहतो आणि आकडे स्थिर झाल्यावरच बाटली भरतो. नळाच्या तोंडाची जाळी काढायची. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक असते, तिच्या आत बोट लागू देऊ नका. ती ३० तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवी, म्हणून शुक्रवारी दुपारी नमुना घेऊ नका. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब आधीच असतात, ती धुऊ नका.

मिथेनचा नमुना सगळ्यात नाजूक. लहान काचेची बाटली काठोकाठ, पाणी न खळबळवता भरायची. झाकण लावून उलटी केली की आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला की विरघळलेला वायू त्यात निघून जातो आणि आकडा कमी येतो. ज्या पाण्यात मिथेन खूप आहे तिथे पाणी बाटलीत शिरतानाच फसफसतं. अशा वेळी बंद पद्धतीचं खास भांडं लागतं, प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवा.

यादीत काय असावं: कोलिफॉर्म, पीएच, विरघळलेले एकूण क्षार म्हणजे टीडीएस, क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेट, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, लोह, मँगनीज, आर्सेनिक, गढूळपणा, मिथेन, इथेन, प्रोपेन, आणि बेंझीन-टोल्युइन गट. पैसे सुटत असतील तर किरणोत्सर्गासाठी रेडियम आणि ग्रॉस अल्फा या तपासण्याही घ्या. यादी लांबते तसा खर्च काही शे डॉलरवर जातो. काटकसर करायचीच असेल तर क्लोराइड, बेरियम, टीडीएस, मिथेन आणि इथेन कधीही गाळू नका.

रिपोर्ट वाचताना

खणण्याआधीच्या रिपोर्टमध्येच दोष निघाले तर घाबरू नका. पेन स्टेट विद्यापीठाच्या पाहण्यांत राज्यातल्या सुमारे ४० टक्के बोअर आरोग्याच्या किमान एका मानकात नापास होतात, तेही गॅसविहिरींशी संबंध नसताना. ते दोष आता कळले, दुरुस्त करता येतात.

मार्सेलसमधून परत येणारं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार, तर या पाण्यात दोन लाखांच्या पुढेही. त्यात क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि रेडियम भरपूर. म्हणून या आकड्यांनी एकत्र उडी घेतली तर ते खोल खाऱ्या पाण्याचं लक्षण. फक्त क्लोराइड आणि सोडियम वाढले असतील तर आधी रस्त्यावर हिवाळ्यात टाकलेल्या मिठाचा संशय घ्या, कारण त्या मिठात बेरियम किंवा ब्रोमाइड फारसं नसतं. फक्त लोह आणि मँगनीज वाढले असतील तर बोअरमधला गाळ ढवळला असण्याची शक्यता जास्त. मानकं लक्षात ठेवायला सोपी आहेत: टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅम, क्लोराइड २५०, बेरियम २, आर्सेनिक ०.०१०, बेंझीन ०.००५.

मिथेनला पिण्याच्या पाण्याचं मानक नाही, कारण पाण्यातून पोटात गेल्याने तो विषारी ठरत नाही. धोका आहे तो स्फोटाचा. लिटरला ७ मिलिग्रॅमच्या वर गेला की डीईपीच्या नियमांनुसार कंपनीला पावलं उचलावी लागतात. १० ते २८ हा सावधगिरीचा पट्टा. २८ च्या पुढे पाणी वायू धरून ठेवू शकत नाही, तो नळातून घरात सुटतो. या राज्यात मिथेन नैसर्गिकरीत्याही सापडतो: कोळशाचे थर, दलदल, आणि १८५९ मध्ये टायटसव्हिलला पहिली तेलविहीर निघाल्यापासून खणून सोडून दिलेल्या असंख्य जुन्या विहिरी. म्हणूनच इथेन मोजायचा. दलदलीतल्या जंतूंनी तयार केलेल्या वायूत इथेन जवळजवळ नसतो, खोल खडकांतल्या वायूत असतो. वाद कोर्टापर्यंत गेला तर कार्बनच्या समस्थानिकांची तपासणी होते, पण ती नंतरची पायरी.

डिमॉक या सस्क्वेहाना काउंटीतल्या गावात हाच वाद वर्षानुवर्षं चालला. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका बोअरच्या खड्ड्याचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. डीईपीने कॅबट ऑइल अँड गॅस कंपनीला जबाबदार धरलं. कंपनीचं म्हणणं होतं की या भागात मिथेन पूर्वीपासूनच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅबटची उत्तराधिकारी कोटेरा कंपनीने फौजदारी खटल्यात आरोपाला विरोध न करता गावासाठी नळयोजनेला १.६२९ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. मधल्या जवळपास चौदा वर्षांत किती कुटुंबांनी बाहेरून आणलेल्या पाण्यावर दिवस काढले, ते लक्षात घेतलं की काही शे डॉलरच्या रिपोर्टची किंमत कळते.

खणणं सुरू झाल्यावर

एक छोटा टीडीएस मीटर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. दर आठवड्याला त्याच कच्च्या नळातून, पाणी तेवढाच वेळ वाहू देऊन, आकडा, रंग, वास आणि तारीख वहीत लिहा. मीटर अचूक नसतो, पण तुम्हाला बदल पाहायचा आहे. नेहमी २५० दाखवणारा मीटर आठवडाभरात ५०० वर गेला, तर प्रयोगशाळेला फोन करायची वेळ आली.

वायूची लक्षणं अशी: ग्लासात पाणी दुधासारखं दिसतं आणि खालून वर निवळत जातं, नळ फुसफुसत थुंकल्यासारखा येतो, बोअरपाशी बुडबुड आवाज येतो. यातली काही लक्षणं पंपाच्या पाइपाला गळती असली किंवा पाण्याची पातळी पंपापर्यंत उतरली तरी दिसतात. तेव्हा विरघळलेल्या मिथेनची तपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. नळाला काडी लावून तर कधीही पाहू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरातली एक सवय इथे उलटी पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि त्याला मुद्दाम वास लावलेला असतो. बोअरमधून येणारा मिथेन हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, आणि त्याला वास नसतो. म्हणून अलार्म छताजवळ लावायचा: तळघरात प्रेशर टँकच्या वर आणि न्हाणीघराजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिथेन ओळखत नाही, ज्वलनशील वायूचाच घ्या. बोअरच्या झाकणाला जाळी लावलेली हवानळी बसवली तर बराच वायू बाहेरच निघून जातो. बोअर तळघरात किंवा बंद खड्ड्यात असेल, तर ती नळी घराबाहेर उंचावर न्यायलाच हवी. अलार्म वाजला की दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि दूर गेल्यावर ९११ ला फोन करा.

तक्रार थेट डीईपीकडे करा. तेल आणि गॅस विभागाची कार्यालयं पिट्सबर्ग, मीडव्हिल आणि विल्यम्सपोर्टला आहेत. कायद्याने त्यांनी १० दिवसांत चौकशी सुरू करायची आणि ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. कंपनीलाही कळवा, पण ईमेलने, आणि १२ महिन्यांची मुदत संपण्याची वाट पाहू नका. दोष ठरला तर कंपनीने पाणी पूर्ववत करायचं किंवा पर्यायी व्यवस्था द्यायची. ते पाणी पिण्याच्या मानकांत बसलं पाहिजे, आणि तुमचं आधीचं पाणी मानकांपेक्षा चांगलं असेल तर त्या तोडीचं हवं. खणण्याआधीचा चांगला रिपोर्ट इथे दुसऱ्यांदा कामाला येतो.

लीजवर सही करण्याआधी

लीज म्हणजे तुमच्या जमिनीखालचा वायू काढण्यासाठी कंपनीशी केलेला करार. भारतात सात-बाऱ्यावर नाव असलं तरी जमिनीखालचं तेल किंवा वायू आपला नसतो. इथे तो असू शकतो, पण प्रत्येकाचा असतोच असं नाही. पूर्वीच्या मालकाने खनिज हक्क वेगळे ठेवून फक्त वरची जमीन विकली असेल, तर तुमच्याकडे वरचा भाग तेवढा आहे. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे जुनी खरेदीखतं तपासल्याशिवाय लीजचा विचारही करू नका. लीज असो वा नसो, पाण्याचं वर सांगितलेलं संरक्षण तुम्हाला आहेच.

राज्यात रॉयल्टी, म्हणजे वायूच्या विक्रीतला जमीनमालकाचा वाटा, किमान एक-अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के. पण २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किल्मर विरुद्ध एलेक्सको या खटल्यात ठरवलं की वायू गोळा करणं, दाबणं, वाहून नेणं यांचा खर्च वजा करून ही रॉयल्टी देता येते. याचा परिणाम आकड्यांत पाहा. समजा युनिट, म्हणजे एका विहिरीसाठी एकत्र धरलेली सगळ्या मालकांची जमीन, ६४० एकरांचं, तुमची जमीन २ एकर, रॉयल्टी १५ टक्के. तुमचा हिस्सा ०.०००४६८७५. विहीर महिन्याला ३ लाख एमसीएफ देते, एक एमसीएफ म्हणजे हजार घनफूट, आणि भाव २.५० डॉलर. महिन्याचा चेक सुमारे ३५२ डॉलर. त्यातून एमसीएफमागे १ डॉलर खर्च वजा झाला की उरतात २११. शिवाय शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून बरीच खाली येते, आणि भाव तर २००८ मध्ये १२ डॉलरच्या वर होता तो एप्रिल २०१२ मध्ये २ च्या खाली आला. दोन एकरांच्या घरमालकाने या चेकवर गृहकर्जाची आखणी करू नये.

म्हणून टक्केवारीपेक्षा अटींवर भांडा. रॉयल्टी ढोबळ विक्रीवर, वजावट नाही, असं स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. तुमच्या जागेवर पॅड, रस्ता, पाइपलाइन काहीही नाही, फक्त खालून आडवी विहीर, हीही अट घाला. युनिटमध्ये न घेतलेली जमीन मुदत संपल्यावर मोकळी होईल, हेही. त्याला इथे प्यू क्लॉज म्हणतात, आणि तो नसेल तर जमिनीचा एक तुकडा उत्पादनात असला की बाकी सगळी जमीन वर्षानुवर्षं अडकते. पाण्याची तपासणी कंपनीच्या खर्चाने, खणण्याआधी आणि नंतर दरवर्षी, २,५०० फुटांच्या पलीकडे असलात तरी, हेही लीजमध्ये मागता येतं आणि बऱ्याचदा मिळतं. कायद्यात गॅसविहीर घर किंवा बोअरपासून ५०० फूट दूर हवी, पण मालकाच्या लेखी संमतीने ही अट सोडता येते. लीजच्या बारीक अक्षरांत ती संमती दडलेली नाही ना, पाहा. आधी गृहकर्जाच्या बँकेला आणि घराच्या विमा कंपनीला लेखी विचारा. तेल-वायूच्या लीज हाताळणारा वकील घ्या, घरखरेदीचा वकील यासाठी पुरत नाही.

पाण्यापलीकडचं

पॅडवर काम चालू असताना एका विहिरीमागे टँकर आणि ट्रकच्या शेकडो, कधी हजाराहून जास्त फेऱ्या होतात. धूळ, डिझेलचा धूर आणि कॉम्प्रेसरचा आवाज यांच्यासाठी बोअरच्या तपासणीसारखं कायद्याचं कवच नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत उत्पादनाच्या टप्प्यात दम्याचे झटके वाढल्याचं दिसलं, आणि विहिरीपासून मैलभराच्या आत राहणाऱ्या मुलांत लिम्फोमाशी संबंध आढळला. ल्युकेमियाशी मात्र आढळला नाही. घरात दमेकरी असेल तर पॅडचं अंतर आणि वाऱ्याची दिशा घर घेण्याआधीच पाहा.

गावाला मिळणारा पैसा खरा आहे. राज्याने उत्पादनावर कर न लावता प्रत्येक विहिरीवर इम्पॅक्ट फी लावली, आणि तिचा मोठा हिस्सा काउंट्या आणि टाउनशिपना, म्हणजे स्थानिक गावसंस्थांना, जातो. रस्ते, अग्निशमन, पूल त्यातून होतात. तुमच्या टाउनशिपला वर्षाला किती मिळाले आणि कुठे खर्च झाले, हे जाहीर असतं. सभेला जाऊन विचारा, आणि पॅडच्या शेजारच्या घरांची पाणीतपासणी त्यातून करता येईल का, हेही विचारा.

एका पॅडवर एकच विहीर क्वचित असते. आज दोन खणल्या तर तीन-चार वर्षांनी त्याच पॅडवर आणखी चार येतात, आणि तुम्हाला पुन्हा पत्र येतं. प्रत्येक नव्या विहिरीला तिचे स्वतःचे १२ महिने आहेत. जुना रिपोर्ट पुरेसा म्हणून थांबू नका, त्याच नळातून, त्याच यादीचा नवा नमुना घ्या. पत्रं, रिपोर्ट, चेन ऑफ कस्टडीचे कागद आणि टीडीएसची वही एका फाइलीत ठेवा, आणि घर विकलंत तर ती फाइल नव्या मालकाच्या हातात द्या.